एक नववी द्या

मागणं हे हलकं काम आहे, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं. त्यांतल्या बहुतेकांच्या घरून मी काही ना काही घेऊनच उठले आहे. त्यामुळे या अंकाच्या संपादकांनी 'शिक्षिकेचे अनुभव लिहा' असं कळवलं, तेव्हा मी त्यांना उलट कळवलं, की शिकवण्याचे अनुभव पुष्कळ जणी लिहितात, मी मागण्याचे लिहीन. ते चालेल म्हणाले.

भंडाऱ्यातल्या एका खासगी इंग्रजी शाळेत मी बावीस वर्षं मराठी शिकवलं. अशा शाळेत मराठीच्या बाईंना कोणी त्रास देत नाही, कारण कोणी फारसं विचारतच नाही. परीक्षेत आमचा पेपर शेवटच्या दिवशी. पालकसभेत माझ्या टेबलापुढे रांग नसायची. जे दोन-चार पालक यायचे, ते गणिताच्या रांगेत उभं राहून कंटाळलेले असायचे.

आमच्याकडे दर वर्गात काही मुलं मोफत शिकत. ती शाळेची मेहेरबानी नव्हती, कायदा आहे. खासगी शाळेनं पहिलीतल्या चार जागांमागे एक जागा गरजू घरच्या मुलांसाठी ठेवायची आणि त्यांची फी सरकारनं द्यायची. सोडतीत नंबर लागला की मूल आत. पण एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते आणि नोकरीत कितीतरी वर्षं मलाही माहीत नव्हती. हा कायदा आठवीला संपतो. आठवीचा निकाल लागला की त्याच मुलाच्या हातात नववीच्या फीचा कागद पडतो.

मग ही मुलं दाखला घेऊन मराठी शाळेत जातात. मराठी शाळेत वाईट काही नाही, मी स्वतः माझ्या गावच्या, करडीच्या शाळेत शिकले. पण ज्या मुलीनं आठ वर्षं 'रेडियस' म्हटलं, तिला नववीच्या पुस्तकात एकदम 'त्रिज्या' भेटते. आपल्याला यातलं काहीच येत नाही असं समजून ती गप्प बसते. आणि दहावी एका वर्षावर आलेली असते.

हे मला कळलं ते खडूमुळे. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागायच्या आधी उरलेला खडूचा डबा परत करायला मी कार्यालयात गेले होते. तिथे आचलचे वडील उभे होते. आचल (हे नाव बदललेलं आहे) माझ्या आठवीतली, निबंधात कधी दुसऱ्याचं वाक्य न आणणारी मुलगी. वडील पितळी भांड्यांच्या कारखान्यात मजुरीला. दाखल्याच्या अर्जावर त्यांची सही झाली होती. मला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी सहज म्हणून गेले, की मुलगी हुशार आहे, तिला इथून काढू नका.

त्यांनी पेन लिपिकाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार हाये हे आठ वर्ष तुमीच सांगतलं. आता त्या हुशारीचं मी का करू, ते बी सांगा."

मी तशीच प्राचार्यांकडे गेले. आमचे प्राचार्य चांगला माणूस, पण नियमाच्या बाहेर पाऊल न टाकणारा. त्यांनी शांतपणे सांगितलं, की शाळेला मुलगी नकोशी झालेली नाही, तिची फी कोणीही भरली तरी ती राहील. मी आठ दिवस मागून घेतले. ते आठ दिवस म्हणजे माझ्या या दुसऱ्या नोकरीची सुरुवात. तिला पगार नव्हता.

माझे यजमान जवाहरनगरच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, त्यामुळे मला पहिल्यांदा क्वार्टर्समधली घरंच सुचली. पहिलं दार वाजवलं ते एका निवृत्त फोरमनसाहेबांचं. मूळचे केरळचे, पण मराठी आमच्यापेक्षा नेटकं बोलणारे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि मुलीचं नाव, आडनाव, गुणपत्रिका मागितली. मी नाव सांगायला तोंड उघडलं आणि बंद केलं. का ते तेव्हा मला नीट कळलं नव्हतं. एवढंच डोळ्यांपुढे आलं, की हे उद्या बाजारात तिच्या वडिलांना भेटतील आणि विचारतील, अभ्यास करते ना पोरगी? आणि तो माणूस मान खाली घालून हो साहेब म्हणेल. हे दोन वर्षं चालेल.

मी म्हटलं, नाव सांगणार नाही. त्यांनी विचारलं, मग विश्वास कसा ठेवायचा? मी म्हटलं, "माझ्यावर ठेवा. मुलीवर कशाला ठेवता, ती चौदा वर्षांची आहे."

ते आत जाऊन चेकबुक घेऊन आले. आचल शाळेत राहिली. पुढे दर जूनमध्ये फोरमनसाहेब स्वतः फोन करून विचारायचे, की यंदा किती मुलं आहेत. नाव त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी तीन मुलं होती, तिसऱ्या वर्षी चार. हळूहळू मला या कामाच्या खाचाखोचा कळत गेल्या. 'गरीब' हा शब्द वापरायचा नाही. तो ऐकला की देणारा उंच होतो आणि खुर्चीत मागे टेकतो. बोलणं निघायच्या आधीच चहा आला, तर समजावं नकार येतो आहे, माणूस आधीच भरपाई करतो आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मदत मागायची नाही, वस्तू मागायची. मी थेट म्हणायची, एक नववी द्या. आणि लोकांना ते कळायचं. एक नववी, एक दहावी. कोणी अर्धी नववी द्यायचे, मग मी उरलेली अर्धी दुसऱ्या घरून आणायची. नववीचं अनेकवचन 'नवव्या' होतं का, हे मात्र मराठीच्या बाईंना विचारू नये.

मिळालेले पैसे मी कार्यालयात भरत नव्हते. पाकिटात घालून मुलाच्या आईवडिलांकडे द्यायची. ते इतर पालकांसारखे खिडकीवर रांगेत उभे राहायचे, स्वतःच्या हातानं फी भरायचे आणि स्वतःच्या नावाची पावती घ्यायचे. लिपिकाला सगळं माहीत होतं. तो ओळख दाखवायचा नाही, उलट सुट्टे नाहीत म्हणून इतरांवर करायचा तशीच त्यांच्यावरही कटकट करायचा. त्या कटकटीबद्दल मी त्याची आजन्म ऋणी आहे.

सगळ्यात अवघड गिऱ्हाईक माझं स्वतःचं गाव निघालं. धानाची मळणी आटोपल्यावर मी करडीला गेले आणि चावडीपुढे बसलेल्यांकडे एक नववी मागितली. पहिला प्रश्न आला, पोरगी आपल्या गावची हाये का? नाही म्हटलं. मग आमी काहून द्यावं? माझ्या नात्यातल्या एका म्हातारबांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, तलावाचं पाणी खालच्या गावाले जाते तवा आपण पाण्याले गाव विचारतो का? त्यावर दुसरे म्हणाले, "विचारतो ना जी. भांडतो बी." सगळे हसले, मीही हसले. पण हसण्याच्या भरात पाच-सहा जणांनी थोडं थोडं धान कबूल केलं. तेच धान विकून एका मुलाची अर्धी दहावी झाली. त्या धानाचं ऐकून फोरमनसाहेब म्हणाले होते, की पेन्शनीतून देणं सोपं असतं.

आता खऱ्या भांडणाकडे येते.

एका वर्षी आठवी पास होणारी पाच मुलं होती. शहराबाहेर एका राइस मिलचे मालक आहेत, त्यांना सगळे नुसते शेठ म्हणतात. त्यांच्या कानावर हे काम गेलं आणि त्यांनी आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना निरोप पाठवला, की पाचही मुलांची नववी आणि दहावी मी देतो. अट एकच. स्नेहसंमेलनात पाचही मुलांना आईवडिलांसह मंचावर बोलवायचं, शेठच्या हातून त्यांना मिलचं नाव छापलेल्या बॅगा द्यायच्या आणि फोटो काढायचा.

अध्यक्ष खूश झाले. त्यांनी मला बोलावून मुलांची यादी मागितली. मी म्हटलं, यादी मिळणार नाही. त्यांना वाटलं, मी यादी घरी विसरले. मी पुन्हा सांगितलं.

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, पाच मिनिटांचा कार्यक्रम आहे, मुलांनी बॅग घ्यायची, नमस्कार करायचा, झालं. मी म्हटलं, दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांना बॅगवाले म्हणतील. ते म्हणाले, म्हणू देत, खोटं आहे का ते? मी म्हटलं, खरं आहे म्हणूनच. मग त्यांचा आवाज चढला. शेठसारखा माणूस पुन्हा मिळणार नाही, तुमच्या अहंकारापायी पाच मुलांचं नुकसान होईल, असं ते म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, ज्यांची फी त्यांचे वडील भरतात, त्यांनाही मंचावर बोलवा आणि वडिलांना नमस्कार करायला लावा. मग ही पाचही येतील."

अध्यक्षांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं आणि माझ्यासाठी दार उघडायला सांगितलं. प्राचार्य शेजारीच बसले होते. यादी त्यांच्या कपाटातही होती आणि ती त्यांनी दिली नाही, हेही इथे लिहून ठेवते.

शेठनी हात आखडता घेतला. मला जूनपर्यंत पाच नवव्या उभ्या करायच्या होत्या. मी त्या उन्हाळ्यात जेवढी दारं वाजवली तेवढी आधी कधी वाजवली नव्हती. काही दारांवर माझ्या आधी अध्यक्षांचा फोन पोचलेला असे. तिथे चहा फार लवकर येई. चार नवव्या झाल्या. पाचवी झाली नाही.

कोणतं मूल वगळायचं, हे ठरवायचं माझ्यावर आलं. मी गुण पाहिले. आजही हे लिहिताना मला ते वाक्य खोडून टाकावंसं वाटतं, पण मी गुणच पाहिले. सगळ्यात कमी गुण प्रणयचे होते. त्याची आई सुनंदाबाई बसस्टँडजवळच्या खानावळीत पोळ्या करायच्या, वडील ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. प्रणयचा दाखला निघाला आणि त्याला पवनी तालुक्यात आसगावला मामाकडे पाठवलं. तिथल्या शाळेत नववीत तो बसला.

हे सांगायला मी स्वतः खानावळीत गेले. दुपारची गर्दी ओसरली होती. मी त्यांना सगळं सांगितलं, शेठची अट, माझा नकार, चार मिळाल्या ते. मनातून मला वाटत होतं, की त्या म्हणतील, बरं केलं मॅडम, आमची इज्जत राखली. सुनंदाबाई लाटणं खाली न ठेवता ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, आमाले विचारलं कायले नाही?"

मी म्हटलं, तुम्हाला मंचावर उभं करायचं मला बरं वाटलं नाही.

"आमी चढलो असतो. पाच मिनिटाची गोठ होती. दोन वर्ष पोरगा शाळेत रायला असता." त्यांनी पुढची पोळी तव्यावर टाकली. "लाज आमाले नाही वाटली. तुमाले वाटली."

त्यांनी मला जेवून जा म्हटलं आणि मी जेवले. ते जेवण मला आठवतं, कारण घास गिळताना मला पहिल्यांदा कळलं, की पाच घरांच्या वतीनं नाही म्हणताना मी त्यांतल्या एकाही घराचं दार वाजवलं नव्हतं. शहरभर दारं वाजवत फिरणारी मी.

शेठची अट मोडली याचं मला आजही वाईट वाटत नाही. न विचारता मोडली याचं वाटतं. आणि ते जात नाही.

मला जे करता येण्यासारखं होतं ते मी केलं. एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यात नववीच्या गणित-विज्ञानातले सगळे शब्द लिहिले, डावीकडे प्रणयला येणारा इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. त्रिज्या, लंब, घनता, त्वरण. त्वरण म्हणजे काय हे मलाच शेजारच्या विज्ञानाच्या सरांना विचारावं लागलं. महिन्यातून दोन रविवार मी एसटीनं आसगावला जायची. पहिल्या रविवारी प्रणय माझ्याशी बोललाच नाही. दुसऱ्यांदा त्यानं वही उघडून एका शब्दावर बोट ठेवलं आणि हा चुकला म्हणाला. खरंच चुकला होता. तिथून आमचं जमलं. दहावीत तो पास झाला. फार नाही, पण झाला. आता तुमसरला आयटीआय करतो आहे. आमच्या शाळेत राहिला असता तर काय झालं असतं, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

त्यानंतर माझा नियम बदलला. दर वर्षी आधी पालकांना विचारायचं, की देणाऱ्याला नाव सांगू का. बहुतेक नाही म्हणत. काही हो म्हणत, आणि त्यांचं मी सांगत असे. एका वडिलांचं उत्तर माझ्या लक्षात राहिलं. ते म्हणाले, मले कुठं बी नेऊन उभा करा, पोरीले नका नेऊ.

मी निवृत्त झाले तेव्हा संस्थेनं शाल आणि श्रीफळ दिलं, आणि पंधरा दिवसांनी एक पत्र. सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांनी शाळेच्या नावे देणगी गोळा करू नये. मी पोस्टकार्डावर एका ओळीत उत्तर पाठवलं, 'मी शाळेसाठी मागत नाही, नववीसाठी मागते.' पोस्टकार्ड मुद्दाम. वाटेत सगळ्यांना वाचता यावं म्हणून. त्याला उत्तर आलं नाही. पैसे पाकिटातून पालकांच्या हाती जात होते आणि पावती पालकांच्या नावे फाटत होती, त्यामुळे ते अडवणार तरी काय?

एके सकाळी सुनंदाबाई माझ्या घरी आल्या. खानावळीला सुट्टी होती. म्हणाल्या, तुमी एकट्या फिरता, लोक तुमाले चहा पाजून वाटेले लावतात, मी येतो सोबत. मी म्हटलं, प्रणयचं तर झालं आता. त्या म्हणाल्या, म्हणूनच तं वेळ हाये.

दोन वर्षं आम्ही दोघी फिरतो आहोत. त्या फार बोलत नाहीत. माझं बोलून झालं की देणाऱ्याकडे नुसत्या पाहत राहतात. ते माझ्या बोलण्यापेक्षा चांगलं चालतं.

गेल्या डिसेंबरात त्या म्हणाल्या, शेठकडे जाऊ. मी नको म्हटलं. मला त्या माणसापुढे उभं राहायचं नव्हतं, हा माझा खरा अहंकार, अध्यक्ष म्हणाले होते तोच. त्या म्हणाल्या, तुमी नका येऊ मंग. अर्थातच मी गेले.

शेठनी नाव ऐकताच मला ओळखलं. बसा म्हणाले, पण चेहरा बंद. यंदाही पाच मुलं आहेत, एक नववी द्या, असं मी म्हटलं. ते म्हणाले, माझी अट तुम्हाला माहीत आहे, ती बदललेली नाही.

मी उठायला लागले. सुनंदाबाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "शेठ, मी येतो इस्टेजवर. बॅग माह्या खांद्याले लावा, फोटो काढा. लेकरं राहू द्या घरी."

शेठनी विचारलं, तुमचा मुलगा आहे का या पाचांत?

"नाही जी. माह्या पोराची नववी गेली. हे दुसऱ्याचे हायेत."

शेठ समोरच्या धानाच्या नमुन्यांशी चाळा करत राहिले. एक मूठ उचलली, परत टाकली. माणूस वाईट नाही. त्याला आपलं देणं दिसावं असं वाटतं, आणि तसं कोणाला वाटत नाही? माझा राग त्यांच्या मंचावर होता. शेवटी ते म्हणाले, सव्वीस जानेवारीला मिलच्या आवारात झेंडावंदन असतं, तिथे या. एक नववी देतो.

गेलो. आवारात मांडव, माइक, मिलचे मजूर, शहरातले बरेच व्यापारी. पहिल्या रांगेत आमचे अध्यक्ष. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, मी त्यांच्याकडे पाहिलं. सुनंदाबाईंचं नाव पुकारलं. त्या चढल्या. शेठनी त्यांच्या हातात बॅग दिली, त्यांनी ती खांद्याला अडकवली, ताठ उभ्या राहिल्या आणि फोटो होऊ दिला. मग सूत्रसंचालकानं रिवाजाप्रमाणे दोन शब्द बोला म्हणून माइक त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"शेठनं एक नववी देल्ली," त्या म्हणाल्या. "पोरं पाच हायेत. चार रायल्या. इथं एवढे मोठमोठे लोक बसून रायले. कोण देते?"

सूत्रसंचालकानं माइककडे हात केला, त्यांनी दिला नाही. त्या एकेका रांगेकडे पाहू लागल्या, घरी पाहतात तशाच. अखेर मागून एका भांड्यांच्या व्यापाऱ्यानं हात वर केला. मग एका डॉक्टरांनी. ते पाहून शेठनी खुर्चीतूनच आणखी एक म्हणून बोट वर केलं. अध्यक्षांना नेमका तेव्हाच खिशातला रुमाल सापडत नव्हता.

पाचवी नववी जूनमध्ये मिळाली, शाळा उघडायच्या आदल्या दिवशी. पाचही मुलं आज शाळेत आहेत. ती कोणती, हे त्या मांडवातल्या कोणालाही माहीत नाही.

यंदा आठवीत सात आहेत. सुनंदाबाई परवा विचारत होत्या, "मॅडम, सव्वीस जानेवारीले भंडाऱ्यात माइक कुठं कुठं लागते जी?" मी यादी करायला घेतली आहे.